उन्हाची बाजू

ताई तशी कुणावर जळणारी बाई नव्हती. शेजारणीने नवी गाडी घेतली तर ती स्वतः जाऊन चार बाजूंनी बघून, कौतुक करून यायची. हॉस्पिटलात तिच्या मागून लागलेली मुलगी तिच्या आधी बढती घेऊन गेली, तेव्हा ताईने थोडे दिवस तोंड फुगवलं आणि मग विसरून गेली. आपला सगळा मत्सर तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि ते माणूस म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, छकुली.

छकुलीने चाळिशी ओलांडली होती, दोन मुलांची आई झाली होती, चष्मा लागला होता, तरी ती छकुलीच. ताई मात्र सगळ्या जगाची ताई. हॉस्पिटलात तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला तिची एक्स-रेची खोली होती आणि केस पिकलेले सर्जनसुद्धा दारातून डोकावून म्हणत, "ताई, जरा हा गुडघा बघून घ्या." दिवसभर ती जड शिशाचा एप्रन घालून माणसांना उभं करायची, झोपवायची, वळवायची आणि सांगायची, "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." घरीही तिच्या बोलण्यात तोच सूर यायचा. तिचा नवरा एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. तो म्हणे, आमच्या घरात मी फक्त 'सोडा' म्हटल्यावर श्वास घेतो.

वडील त्यांच्याजवळच राहत. ते इंजिन ड्रायव्हर होते, तेही वाफेच्या इंजिनावरचे. पुढे वाफ गेली, डिझेल आलं. बाबांनी डिझेलही चालवलं, पण त्याविषयी ते एका वाक्यापलीकडे कधी बोलले नाहीत. ते वाक्य असं की डिझेल चालवणं म्हणजे ऑफिसात बसणं. रिटायर झाले, आई गेली, आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. विचारलं तर उत्तर द्यायचे, न विचारलं तर नाही. ताईचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी एका रविवारी तिने एक जुनापाना कॅमेरा विकत आणला, बाबांना गाडीत घातलं आणि शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या स्टेशनावर नेलं. फोटो काढायचे हे नुसतं निमित्त होतं.

स्टेशन कसलं, चार भिंती आणि एक फलाट. तिकिटाच्या खिडकीवर फळ्या ठोकलेल्या, वजनकाट्याचा काटा कुणीतरी उपटून नेलेला, फलाटाच्या भेगांतून गुडघ्याएवढं गवत. सिग्नलचा हात खांद्यातून निखळल्यासारखा लोंबत होता. बाबा गाडीतून उतरले, फलाटाच्या कडेला गेले, गंजलेल्या रुळांकडे बघत उभे राहिले आणि बोलायला लागले. इथं इंजिनाला पाणी पाजायचो. इथं चढ लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही, इंजिनाला कळतो. इथल्या स्टेशनमास्तरला गाण्याचा शौक होता, गाडी लेट झाली की खुश व्हायचा. दुपार उलटेपर्यंत बाबा बोलत होते आणि ताई काहीतरी करायचं म्हणून फोटो काढत होती.

त्यानंतर किती वर्षं झाली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण रविवार म्हटला की ताई आणि बाबा कुठल्यातरी ओसाड स्टेशनावर, मोडक्या शेडमध्ये नाहीतर झुडपांत शिरलेल्या रुळांवर सापडायचे. निमित्ताचा छंद झाला आणि छंदाचं वेड. कुठं कुठलं इंजिन सडत पडलंय, कुठल्या पुलावरचे रूळ पुढच्या महिन्यात उखडणार, हे ताईला घरातल्या किराण्यापेक्षा जास्त पाठ. शेडमधली माणसं तिला ओळखू लागली. तिच्या फोटोंचं एकदा प्रदर्शनही भरलं.

फोटो कसा काढायचा हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता, पण इंजिन कुठून देखणं दिसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? इंजिनाचा फोटो तोंडाकडूनच काढायचा. पाठमोरं इंजिन काढणं म्हणजे पाहुण्याला मागच्या दाराने घेणं. चाकांना जोडणारा दांडा खाली असेल तरच बटण दाबायचं, म्हणजे इंजिनाने पाऊल टाकल्यासारखं दिसतं. आणि ऊन ज्या बाजूला, आपणही त्या बाजूला. हा तिसरा नियम ताईला सगळ्यात आवडायचा, कारण तो पाळायला घड्याळ, नकाशा आणि डोकं लागायचं, आणि ते तिच्यापाशी होतं. एवढं सगळं सांभाळून फोटो काढला, मोठा करून बाबांपुढे धरला, की बाबा तो लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. दांडा जरा वर आहे."

ताईला ते 'ठीक आहे' पुरायचं. पुरायचं म्हणजे, त्यात भागवायला ती शिकली होती.

मग छकुलीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती सहकुटुंब परत आली. घर घेतलं तेही दोन गल्ल्या सोडून. आल्या आल्या पहिल्याच रविवारी दारात हजर. म्हणाली, मीपण येते ना बाबा, मला कधी नेलंच नाही तुम्ही. बाबांचा चेहरा असा उजळला की ताईला वाटलं, खुर्चीतला माणूस कुणी बदलला की काय.

त्या दिवशी मागच्या सीटवर बसून छकुलीने बाबांना बोलतं केलं, आणि बाबांनी अशी एक गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत ताईने ऐकली नव्हती. छकुली जन्मली त्या दिवशी बाबा गाडी घेऊन गावाबाहेर होते. परत येताना कुणीतरी सिग्नलपाशी ओरडून सांगितलं, मुलगी झाली. तिथून थेट फलाट लागेपर्यंत बाबांनी शिट्टीवरचा हात काढला नाही. अख्खं गाव दारात आलं, साहेबाने मेमो दिला. छकुलीने टाळ्या वाजवल्या. गाडी चालवणाऱ्या ताईने आरशात न बघता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि माझ्या वेळेला?"

बाबा म्हणाले, "तेव्हा मी फायरमन होतो गं, कोळसा टाकणारा. शिट्टी ड्रायव्हरच्या हातात."

उत्तर खरं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण ताईच्या पोटात जे दुखायला लागलं ते घरी येईपर्यंत थांबलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, नोकरीचा प्रश्न होता तो. ताई म्हणाली, तू गप्प बस.

पुढं पुढं तर पोटशूळ वाढतच गेला. छकुलीने कॅमेरा घेतला. ताईच्या कॅमेऱ्याहून चांगला, हे सांगायला नकोच. तिला उन्हाचं काही कळत नव्हतं, दांड्याचा तिला पत्ता नव्हता. क्षितिज एकीकडे कललेलं, अर्धं इंजिन चौकटीबाहेर. पण तिच्या फोटोत बाबा असायचे. फलाटाच्या कडेला पाय सोडून बसलेले बाबा, मोडक्या वजनकाट्यावर उभे राहून वजन बघू पाहणारे बाबा. बाबा ते फोटो लांब धरून बघायचे आणि 'वा' म्हणायचे. एकदा तर 'वा वा' म्हणाले. ताईने जन्मभर नियम पाळले आणि ही पोरगी कालपरवा येऊन भाव खाऊन गेली. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडाने ती म्हणाली, "छान आहे, फक्त जरा वाकडा आलाय." छकुली म्हणाली, "हो ना ताई, मला शिकव ना." आणि हे ती मनापासून म्हणाली, हेच तर ताईला सहन होत नव्हतं. बहीण जरा कपटी असती तर किती बरं झालं असतं!

अशातच ती बातमी आली. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभं असलेलं बाबांचं जुनं इंजिन दुरुस्त झालं होतं. म्यूझियममध्ये कायमचं ठेवायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ते पेटवून जुन्या फाट्याच्या लाइनीवरून खाणीपर्यंत नेऊन परत आणायचं ठरलं. आणि ते इंजिन ओळखणारा, अजून धडधाकट असलेला ड्रायव्हर एकच उरला होता. शेडचे साहेब स्वतः घरी आले. शेजारी आजचा ड्रायव्हर उभा राहील, पण इंजिन चालवायचं बाबांनी. बाबा उठले. आत गेले आणि जुनी टोपी शोधू लागले.

ताईला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. इतकी वर्षं तिने मेलेल्या इंजिनांचेच फोटो काढले होते. आता एक जिवंत होणार होतं आणि त्यावर तिचे वडील असणार होते. हा फोटो तिला हवा होता. नुसता हवा नव्हता, तो तिचाच हवा होता आणि दुसऱ्या कुणाचाही नको होता. खोलीत खुर्चीसमोरच्या भिंतीवर तो लागेल, बाबा रोज तो बघतील आणि एकदा तरी 'वा' म्हणतील. 'ठीक आहे' नाही, 'वा'. एवढ्यासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती, आणि तिने ते केलं.

रुळांच्या बाजूला उभं राहायला पास लागणार होते. साहेबांनी दोघी बहिणींना एकेक पास द्यायचं कबूल केलं, मात्र कुठं उभं राहायचं ते आधी कळवायचं, आणि एकदा तिथं उभं राहिलं की रूळ ओलांडून पलीकडं जायचं नाही. छकुली संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला यातलं काही कळत नाही. मी कुठं उभी राहू ते तूच सांग."

ताईला सगळं पाठ होतं. स्वतःसाठी तिने खिंडीजवळची जागा हेरली होती. तिथं चढ होता, म्हणजे धूर भरपूर. सकाळचं ऊन थेट इंजिनाच्या अंगावर, इंजिन तोंडाकडून. आणि सगळ्यात वाईट जागा कुठली हेही तिला पाठ होतं. रुळांच्या दुसऱ्या बाजूचं जुनं पंपघर. सकाळी तिथं ऊन डोळ्यांत येणार, इंजिनाच्या जागी काळा ठोकळा दिसणार. बरं, दुपारी परत येताना म्हणावं तर खाणीजवळ इंजिन फिरवायची जी लोखंडी तबकडी होती ती कधीचीच अडकून बसलेली. इंजिन वळणारच नाही. ते उलटंच येणार, कोळशाचा डबा म्हणजे टेंडर पुढे आणि धुराडं मागे. पाठमोरं इंजिन! जाताना फुकट, येतानाही फुकट.

"पंपघराजवळ," ताई म्हणाली. "फार छान जागा आहे."

टेबलाशी प्रुफं तपासत बसलेला तिचा नवरा मान वर न करता म्हणाला, "पंपघर? तिथं सकाळी ऊन डोळ्यांत येतं ना?"

ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा प्रुफांत शिरला आणि बाहेर आलाच नाही. छकुलीने काही ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. ती ताईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून गं. ताईचे हात कणकेने भरले होते म्हणून तिला उलट मिठी मारता आली नाही. त्या कारणाबद्दल ती कणकेची आभारी होती.

त्या सकाळी आभाळ निरभ्र होतं. ताई पहाटेच खिंडीशी जाऊन उभी राहिली. बरोबर नवरा, चहाचा थर्मास आणि साहेबांचा एक पहारेकरी. तिने तीनदा जागा बदलली, पायाखालचे दगड काढले, एक फांदी बांधून बाजूला घेतली. लांबून शिट्टी आली. ती शिट्टी बाबांच्या हातची हे तिला ऐकताक्षणी कळलं. पण ती रडायची वेळ नव्हती. इंजिन खिंडीत शिरलं, पांढराशुभ्र धूर उभाच्या उभा वर चढला, काळं पोलादी अंग उन्हात तेलासारखं चमकलं. दांडा खाली. श्वास घेतला, धरला, दाबलं, सोडला. पुन्हा. पुन्हा. जमीन हादरवत इंजिन निघून गेलं.

"जमलं," ती म्हणाली. आयुष्यात यापेक्षा चांगला फोटो तिने काढला नव्हता. नवऱ्याने वाकून पडद्यावर बघितलं, म्हणाला झकास आहे, आणि मग त्याच्या सवयीप्रमाणे त्याला चूक दिसली. "पण हा कोण?"

ड्रायव्हरच्या खोपटाच्या खिडकीत एक तरणा पोऱ्या फावडं धरून बत्तिशी दाखवत उभा होता.

ड्रायव्हर डावीकडं बसतो, फायरमन उजवीकडं. ड्रायव्हरच्या पोटी जन्मलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही, आणि शिकवावं लागत नाही म्हणूनच ते तिच्या मनात आलं नाही. तिने ऊन बघितलं, चढ बघितला, वारा बघितला, दांडा बघितला. बाप कुठल्या बाजूला बसतो ते सोडून सगळं बघितलं. ऊन उजवीकडं होतं. हॉस्पिटलात प्रत्येक फिल्मवर ती न चुकता शिशाचं अक्षर ठेवायची, डावं की उजवं ते सांगणारं. ते चुकलं तर डॉक्टर चांगला गुडघा कापतो. इतक्या वर्षांत तिच्या हातून ते एकदाही चुकलं नव्हतं.

तिने पहारेकऱ्याला विनवलं. पलीकडे जाऊ दे, दोन मिनिटांचं काम आहे. तो बिचारा भला माणूस होता. म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुठल्याही दिवशी सोडलं असतं. पास ह्या बाजूचा आहे आणि तो तुम्हीच मागून घेतलाय."

मग ताई दगडावर बसली. दुपारी इंजिन परत आलं तेव्हा ती उठलीही नाही. नवरा म्हणाला, अगं येतंय. ती म्हणाली, येऊ दे, पाठमोरं आहे. आणि तसंही बाबा आता कुठे या बाजूला येणार होते? इंजिन फिरलं नव्हतं, तेव्हा बाबांची खिडकीही फिरली नव्हती. इंजिन धडधडत गेलं, फायरमन पोऱ्याने तिला हात केला. ताईने एकाच विचाराने स्वतःला सावरलं होतं, आणि तो विचार काही फार चांगला नव्हता. तो असा की, निदान छकुलीलाही काही मिळालं नसणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छकुली आली. बाबा खुर्चीत होते. मान धरली होती म्हणून त्यांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता आणि सगळ्या खोलीला मलमाचा वास येत होता. ताईचा फोटो त्यांनी सकाळीच बघितला होता. लांब धरून, बराच वेळ बघितला होता. इंजिन देखणं आलंय, म्हणाले. आणि दांड्याबद्दल या वेळी काही बोलले नाहीत. हेही काही कमी नव्हतं. पण 'वा' नव्हतं, आणि बाबा तर फोटोत नव्हतेच.

छकुलीने मोठ्या पाकिटातून एक फोटो काढून बाबांच्या हातात दिला.

उलटं इंजिन होतं. टेंडर पुढे, त्यात कोळशाचा ढीग. टेंडर आडवा आला की ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, त्याला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागतं. बाबा तसे वाकले होते. दुपारी ऊन पंपघराच्या बाजूला आलं होतं आणि सगळंच्या सगळं बाबांच्या तोंडावर पडलं होतं. ताईने हे गणित केलंच नव्हतं, पाठमोऱ्या इंजिनाचं ऊन कोण मोजतो? एका हाताने खिडकीची कड धरलेली, टोपी मागे सरकलेली, डोळे बारीक केलेले, तोंड जरा उघडं, हाक मारायच्या बेतात असल्यासारखं. म्हातारपण कुठं होतं त्या चेहऱ्यावर? काहीतरी दिसायलाच हवंय आणि ते आत्ता दिसेल, असा तो चेहरा होता.

बाबांनी फोटो लांब धरला. वा म्हणाले नाहीत, वा वा म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले, आणि मग मफलरच्या टोकाने डोळे पुसले.

ताईला त्या क्षणी बहिणीचा इतका राग आला की तिला स्वतःची भीती वाटली. फोटो गेला म्हणून नाही. तो चेहरा छकुलीच्या वाट्याला आला म्हणून. पंपघराशी लेक दिसली आणि बाप असा फुलून आला! या नजरेने बाबांनी आपल्याकडे कधी बघितलं नाही. आणि तिथं तिला उभं कुणी केलं होतं? आपणच. हाताने ताट वाढून दिलं होतं.

"तिथं कुणी उभं केलं तुला?" बाबांनी छकुलीला विचारलं. "सकाळी उन्हाने डोळे दिपले असतील."

"ताईनं सांगितलं," छकुली म्हणाली. "सकाळचे सगळे वाया गेले, पण हा एक मिळाला. ताईमुळेच मिळाला."

बाबांनी ताईकडे बघितलं. ती लाइन त्यांना जन्मभर पाठ होती. कुठं कधी ऊन असतं, तबकडी कुठली अडकलेली आहे, सगळं. ते बघतच राहिले आणि ताईच्या लक्षात आलं की बाबांना सगळं कळलंय. मान खाली घालून ती टेबलावरचा कागद सरळ करायला लागली.

"आणि तू कुठं होतीस?" बाबांनी विचारलं.

"खिंडीशी. उजवीकडं."

"फायरमनच्या बाजूला."

"हो."

बाबांनी मफलर सैल केला. मग मान चोळत म्हणाले, "जाताना बघितलं, येताना बघितलं. छकुली दिसली, तिला हात केला. पण तू कुठं दिसेनास. म्हटलं ही अशी कशी आली नाही? दर रविवारी मला उन्हातान्हात घेऊन फिरते आणि आजच नाही? येताना तर सारखा वाकून वाकून बघत होतो, तो दुसरा ड्रायव्हर माझा कोट धरून उभा होता. ही मान काय उगाच धरली?"

ताईने फोटोकडे बघितलं. तोच चेहरा, तेच डोळे, तेच अर्धवट उघडं तोंड. आता मात्र तिच्याच्याने बघवेना.

छकुली अजून हसत होती, पण ते हसू नुसतं ओठांवर राहिलं होतं. "म्हणजे इथं..." तिने फोटोवर बोट ठेवलं. "मी तर समोरच उभी होते बाबा."

"तू दिसलीस ना. तुला बघून झालं होतं," बाबा साधेपणाने म्हणाले.

छकुलीच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. नाकपुड्या किंचित ताणल्या, हनुवटी घट्ट झाली, आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली, जणू तिथं काहीतरी बघण्यासारखं होतं. ताई हे सगळं ओळखून होती. यातली एकेक पायरी ती स्वतः उतरली होती. आयुष्यात पहिल्यांदा बहीण तिच्यावर जळत होती आणि ताईला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी पोटातून आनंद झाला. पण तो नीट चाखायच्या आतच तिला बहिणीची दया आली, आणि मग काय वाटतंय तेच कळेना.

छकुली वळली. "ताई, खरं सांग. ती जागा खरंच चांगली होती?"

याआधी तिने असं कधी विचारलं नव्हतं. ताई सांगेल ते खरं, अशीच ती वाढली होती. बाबा मफलर नीट करत होते, त्यांनी मान वर केली नाही. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. फोटो तर सोन्यासारखा आला होता, हो म्हणायला पुरावाही समोर होता.

"नाही," ताई म्हणाली. "सगळ्यात वाईट होती. मला ठाऊक होतं."

छकुलीने बाबांच्या हातातून फोटो अलगद काढून घेतला. पाकिटात घातला, पाकीट पिशवीत. बाबा म्हणाले, अगं ठेव की इथं, समोरच्या भिंतीला लावू. ती म्हणाली, दुसरी प्रत काढून आणून देईन. मग चपला घातल्या आणि निघाली.

ताई तिच्यामागे फाटकापर्यंत गेली. छकुलीने कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि मागे न वळता म्हणाली, "रविवारी मी येणार आहे. आणि पुढं बाबांच्या शेजारी मी बसणार. तू मागं बस."

"गाडी कोण चालवणार मग?"

"मी."

ताईच्या पोटात पुन्हा कळ आली, अगदी ओळखीची. इतक्या वर्षांत तिच्या गाडीत बाबांच्या शेजारी दुसरं कुणी बसलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "ये."